चंद्रभानचे डोळे

जिंतूरच्या डोंगरातल्या आमच्या आंध आदिवासींच्या वस्तीत माणूस गेला की कस्तुराबाई पितरांच्या खडकावर त्याचं चित्र काढते. गेरूनं अंग, शेवटी चुन्यानं डोळे. डोळे काढताना नाव मोठ्यानं घ्यायचं. नाव घेतलं की तो खडकाचा झाला, घराचा उंबरा त्याला सुटला. मग त्याची भेट खडकावरच.

तिचा मुलगा चंद्रभान बोअरच्या गाडीवर कामाला म्हणून कर्नाटकात गेला. पुढं फोन बंद पडला. कितीतरी पोळे आले नि गेले. लोक दबक्या आवाजात म्हणत, त्याचं चित्र काढून टाक बाई एकदाचं. ती अशी बघायची की बोलणाऱ्याची जीभ टाळ्याला चिकटायची. सून निकिता मात्र रोज कपाळभर कुंकू लावायची.

मग खडीचा ठेकेदार आला. त्याला नेमका हाच खडक हवा होता. आम्ही जिंतूरला मोर्चा नेला, बाया खडकावर ठाण मांडून बसल्या. पाहणीला साहेब आले. चित्रांवरून नजर फिरवून म्हणाले, "हे सगळं जुनं दिसतंय. आता कोण मानतं?" खरंच, बऱ्याच दिवसांत वस्तीत कुणी मेलं नव्हतं. मरायला माणसं राहिलीत कुठं, सगळी पोटामागं बाहेर.

कस्तुराबाई उठली. पदर खोचून तिनं गेरू कालवला. आम्हाला वाटलं, साहेबाला दाखवायला कुणाचंही काढतेय. मग तिनं बोट चुन्यात बुडवलं, डोळे काढले आणि हाक मारली, "चंद्रभान!" निकितानं कपाळावरचं कुंकू तळहातानं झाकलं. साहेबांनी ओल्या चुन्याकडं बघत पाहणीच्या कागदावर 'प्रथा चालू आहे' असं लिहिलं आणि डोंगर उतरले. काम थांबलं.

मला त्या बाईचा अभिमान आहे, आणि तिच्या दारावरून जायची भीतीही वाटते.

परवा शेजारचा बन्सीधर जिंतूरहून धापा टाकत आला. "स्टँडवर चंद्रभानसारखा माणूस बसलाय. लय वाळलाय. आपल्या वस्तीची गाडी इचारायलाय."

निकितानं सासूचे पाय धरले. "आत्याबाई, डोळे पुसा. आत्ताच पुसा."

"पुसले तर खडक खोटा पडंल. उद्या मशीन येईल." कस्तुराबाई म्हणाली.

"मंग त्यायला काय सांगू?"

कस्तुराबाईनं पदर खोचला.

"म्हणावं, घरी येऊ नगंस. खडकावर ये. मी तिथं बसते."