चुलीपुढचा अंधार

मी लग्न होऊन कोळवण खोऱ्यात आले तेव्हा सासरच्या घरात उजेडाच्या वाटण्या आधीच होऊन गेल्या होत्या. गॅसबत्ती पुरुषांची. गावची बैठक असली किंवा पाहुणे आले की ती पुढच्या सोप्यात आढ्याला टांगायची. तिची जाळी फुटली तर नवी आणायला कुणीतरी पायी पौडच्या बाजाराला जायचं, उद्यावर टाकायचं नाही. काचेचे दोन कंदील होते, तेही पुरुषांबरोबर गोठ्यात आणि भाताच्या खाचरावर फिरायचे. देवापुढे समई. आणि स्वयंपाकघरात पत्र्याची एक चिमणी, बिनकाचेची. तिच्या उजेडापेक्षा काजळीच जास्त.

ते स्वयंपाकघर घराच्या पार मागे होतं. आमच्याकडचा पाऊस झोडपून काढणारा, म्हणून त्या बाजूला खिडकीच ठेवलेली नव्हती. भर दुपारीही तिथे शिरलं की डोळे फाडून बघावं लागे. माझ्या सासूबाई भाकरी वासावरून ओळखायच्या. कडा करपल्याचा वास आला की उलटायची. मला याचं आधी कौतुक वाटायचं. पुढे त्याच कौतुकाची चीड यायला लागली. डोळे चांगले असलेल्या बाईने जन्मभर नाकाने स्वयंपाक का करावा?

साठ साल उलटल्यावर आमच्या गावात विजेचे खांब आले. माझ्या आईचं माहेर मुळशीच्या धरणात गेलेलं. त्या पाण्यावर मुंबईत दिवे लागतात हे मी लहानपणापासून ऐकत होते, आणि आम्ही मात्र इतकी वर्षं रॉकेल जाळत होतो. त्यामुळे खांब बघून मला फार बरं वाटलं. वाटलं, उशिरा का होईना, आपल्यालाही दिसायला लागेल.

वायरमन आला आणि सासरे, ज्यांना आम्ही मामंजी म्हणायचो, त्याच्याबरोबर घरभर फिरले. चार दिवे घ्यायचे ठरले. एक दारापुढच्या ओट्यावर, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायला. एक सोप्यात. एक माजघरात, भाताच्या कणग्यांपाशी. चौथा दिवा कुठे, ते ऐकायला मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई दाराआड उभ्या होतो.

"चौथा गोठ्यात," मामंजी म्हणाले. "गुरांच्या पायाखाली काय आलं तर कळाया पायजे."

मी नवऱ्याला बाजूला बोलावून म्हटलं, "चुलीपाशी एक सांगा की."

ते जाऊन बोलले. मामंजींचं उत्तर मला आतपर्यंत ऐकू आलं. "चुलीला उजेड असतोय की. आन् धुरानं दिवा काळा पडंल, उगं नासाडी."

वायरमनने मान डोलावली. म्हशीला दिवा मिळाला, आम्हाला नाही.

दिवे लागले त्या संध्याकाळी ओट्यावर नारळ फोडला. आळीतली माणसं जमली. चहा आम्ही केला, त्याच चिमणीपुढे बसून, आणि दारातून हात लांब करून कपबशा बाहेर दिल्या. उजेड कसा पडलाय ते बघायला आम्हाला कुणी बोलावलं नाही.

पुढच्याच पावसाळ्यात जाऊबाईंनी चुलीमागच्या सरपणात हात घातला आणि त्या किंचाळल्या. विंचू होता. त्यांचा हात खांद्यापर्यंत ठणकत होता, जीभ जड झाली, अंगाला दरदरून घाम. कुणी पाला वाटून लावला, कुणी मंत्र घालणाऱ्याला आणलं. पहाटे त्यांना जरा उतार पडला. मामंजी माजघराच्या दारापर्यंत आले, सुनेकडे बघून म्हणाले, "बघून हात घालावा मानसानं."

इतकंच बोलले आणि गेले. माझ्या डोक्यात जो जाळ झाला तो सांगता येत नाही. बघून म्हणे. कशाने बघायचं?

त्या संध्याकाळी मी शेगडी पेटवून सोप्यात नेली, पिठाची काटवट उचलली आणि सरळ तिथल्या दिव्याखाली जाऊन बसले. मामंजींपाशी गावातले दोघंजण बसलेले होते. मी पदर सारखा केला आणि पीठ मळायला घेतलं.

"ह्ये काय चाललंय?" मामंजींनी विचारलं.

"भाकरी करतीया."

"हितं?"

"हितं दिसतंय, मामंजी."

नवऱ्याने मला डोळ्यांनी आत जायला खुणावलं. मी खाली मान घालून पीठ रगडत राहिले. तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. मला वाटलं, आता माझा हात धरून आत नेतात. त्यांनी कालवणाचं भगुणं माझ्याशेजारी टेकवलं आणि स्वतः खाली बसल्या.

"मला बी हितंच दिसतंय," त्या म्हणाल्या. "थोरलीचा हात बरा हुईस्तवर चूल हितंच ऱ्हाईल."

पाहुणे उठून गेले. सोप्यात धूर भरला. मामंजींनी ताट ओट्यावर मागून घेतलं आणि तिथेच जेवले. दुसऱ्या दिवशीही आम्ही तिथेच बसलो, तिसऱ्या दिवशीही. भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी काळवंडायला लागल्या, बैठकीची माणसं यायची बंद झाली, तेव्हा कुठे वायरमनला निरोप गेला.

स्वयंपाकघरात दिवा आला. सगळ्यात कमी उजेडाचा मिळतो तो. आणि त्याचं बटण मामंजींनी बसवून घेतलं सोप्यात, त्यांच्या गादीपाशी.

त्यांचं जेवण झालं की ते बटण बंद करायचे. आम्ही तेव्हा आत जेवायला बसत असू. घास तोंडाशी आणि डोळ्यांपुढे काळोख. सासूबाई उष्ट्या हाताने उठायच्या, सोप्यात जाऊन बटण दाबायच्या, परत येऊन बसायच्या. ते बंद करायचे, या पुन्हा उठायच्या. खाचरात भाताला लोंब्या यायच्या सुमारास मामंजींनी गादीच बटणापासून लांब हलवली आणि तो तंटा मिटला.

जाऊबाईंच्या बोटांना पुढे कायम मुंग्या येत राहिल्या. बारीक सुई त्यांना कधी धरता आली नाही.

मला राग आहे तो एवढ्याचाच नाही. मामंजी गेले तेव्हा भेटायला आलेला एक जाणता माणूस सोप्यात बसून सांगत होता, "लई मोठ्या मनाचा मानूस. सुनांच्या चुलीपाशी ईज घेतली, गावात पयली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहा घेऊन उभी होते. सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या, त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. दुखवट्याचं घर म्हणून मी गप्प राहिले. गावात ती गोष्ट अजून तशीच सांगतात, आणि आता मात्र माझ्यासमोर कुणी ती काढली तर मी त्याला ती पुरी करू देत नाही.