पुढची रिकामी सीट

लोक अजूनही विचारतात, ती गाडी चालवायला कशी होती, आणि माझं डोकं फिरतं. चार वर्षं चालवली मी ती. त्या गाडीनं माझा उजवा गुडघा खाल्ला, असं मी पूर्वी सांगत फिरायचो. ते खोटं आहे. गाडीचा काडीचाही दोष नव्हता. गुडघा माणसांनी खाल्ला.

साहेब बांधकामाचे ठेकेदार, राहायला इकडे छत्तीसगढी मुलखात, शहरातल्या शंकर नगरात, मूळचे आमच्यासारखेच विदर्भातले. माझे वडील रेल्वेत होते, आम्ही बीरगांवला राहतो. मला कामावर ठेवताना साहेब म्हणाले, "मराठी पोट्टाच पाह्यजे होता मले. घरच्यासारखा वाटते." मी तेव्हा अडतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, पण त्यांच्या लेखी पोट्टा. त्यांच्या आई बाहेर आल्या. त्यांना सगळे आजी म्हणायचे. त्यांनी माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं, त्या "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या "बरं"चा अर्थ मला चांगला कळतो. लहानपणापासून ऐकत आलो आहे.

गाडी जर्मन कंपनीची होती, त्यांच्या आलिशान गाड्यांमधली धाकटी. या मॉडेलच्या बऱ्याच पिढ्या निघाल्या. साहेबांकडे होती ती मागच्या पिढीतली, बुटकी, छत पाठीमागे उतरत गेलेलं. ज्यांनी कोणी ती बनवली त्यांनी आपला सगळा जीव ड्रायव्हरच्या सीटमध्ये ओतला होता. मांडीखालचा भाग पुढे ओढता यायचा, कमरेचा आधार कमीजास्त करता यायचा, वळणावर सीट दोन्ही कुशींना धरून ठेवायची. स्वतः गाडी चालवण्याची हौस असलेल्या मालकासाठी ती घडवलेली होती. मागची जागा कधीमधी पाहुणे बसवण्यापुरती, आणि तिथंही पायाशी मधोमध मोठा उंचवटा, कारण त्याच्याखालून मागच्या चाकांना फिरवणारा दांडा जातो.

साहेबांनी ती गाडी घेतली आणि मागे जाऊन बसले.

मागे डावीकडे साहेब, कारण ती मालकाची जागा. उजवीकडे, म्हणजे बरोबर माझ्या पाठीमागे, आजी. आणि मधे त्या उंचवट्यावर मॅडम, साहेबांच्या पत्नी. कॉलेजात शिकवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई, एक पाय नवऱ्याकडे, एक पाय सासूकडे. माझ्या शेजारची सीट रिकामी. तिच्यावर आजींची पिशवी असायची, कधी नारळ, कधी मिठाईचा डबा. ड्रायव्हरच्या बाजूला बसायचं नाही, असा त्या घराचा रिवाज होता. एकदा साहेबांचे साडू आले, तर त्यांच्यासाठी दुसरी गाडी मागवली. नारळ मात्र माझ्या शेजारी बसून गेला.

मी ड्रायव्हर म्हणून कोणी बाजूला बसत नाही की त्या "बरं"मुळे, हे मी बरेच दिवस मनात घोळवत होतो. मग सोडून दिलं. दोन्ही कारणांनी गुडघा सारखाच दुखतो.

गुडघा दुखायचा तो आजींचे पाय वाकत नसत म्हणून. त्यांना पाय लांब करायला जागा हवी होती, आणि ती माझ्याकडूनच मिळणार होती. माझी उंची सहा फूट. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला सीटवर बसवलं आणि बाहेर उभं राहून बटण दाबलं. सीट घरघरत पुढे गेली. माझे गुडघे स्टिअरिंगखालच्या प्लास्टिकला टेकले तेव्हा त्यांनी बोट काढलं. मग '१' लिहिलेलं बटण दाबून धरलं. "आता हे गाडीच्या ध्यानात राह्यलं. बसला का एक नंबर दाबायचा, सीट आपोआप येते. ही तुही जागा." असं कौतुकानं म्हणाले, जसं काही मला प्लॉट लिहून दिला.

उजवा पाय तसाच मुडपलेला ठेवून दिवसभर ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. मांडी हलायला जागाच नाही, सगळं काम घोट्यानं करायचं. दुसऱ्या वर्षी गुडघ्याच्या वाटीखाली सूज यायला लागली. डॉक्टरनं तपासलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाला, पाय लांब करून बसत जा. मी हसलो तर तो चिडला. बायको घरी शेक द्यायची आणि तिचा पारा चढायचा. "काहून नाही सांगत तू त्याईले? एक माणूस पुढं बसला तर काय जाते त्याईचं?" मी म्हणायचो, सांगतो. आणि मूग गिळून बसायचो. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण खरं सांगतो, त्यापेक्षा मोठी भीती वेगळीच होती. मी म्हणेन, माझ्या बाजूला बसा, आणि ते माझ्याकडे असे बघतील की त्यानंतर मला स्वतःचं तोंड आरशात बघवणार नाही.

एकदा आडून सांगून बघितलं. साहेब, गुडघा दुखून राहिला, सीट जराशी मागं घेऊ काय? साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "थोडा दम धर. याच गाडीचं नवीन मॉडेल येऊन राह्यलं, लांब. मागं मस्त जागा. ते घेऊ, मंग तुलेबी तरास नाही."

हे खरंच होतं. आपल्याकडचे मालक मागे बसतात हे कंपनीला कळलं होतं, म्हणून पुढच्या पिढीची गाडी तिनं आपल्या लोकांसाठी खास लांब करून आणली. तो फोटो साहेबांनी मला मोबाइलवर दाखवला आणि माझ्या अंगाची लाही झाली. तिकडे इंजिनियर बसले, नकाशे बदलले, पत्रा नव्यानं कापला, सगळी गाडी ताणली. एवढं सगळं जमलं. शंकर नगरातल्या एका माणसाला मागचं दार सोडून पुढच्या दारानं आत बसणं तेवढं जमलं नाही.

ते लांब मॉडेल साहेबांनी घेतलं नाही. "हे काय वाईट आहे," म्हणाले.

मग तो गोल बाजारचा दिवस. साहेबांच्या पुतणीचं लग्न होतं, भांडी घ्यायची होती. सकाळपासून मी तसाच पाय मुडपून बसलो होतो. गर्दीतून पायी चालल्यासारखी गाडी चालली होती आणि समोर एक बाई तिच्या लहान मुलीचा हात धरून रस्ता ओलांडायला लागली. मी ब्रेकवर पाय टाकला. टाकला असं मला वाटलं. पाय बधिर झाला होता, गुडघ्याखाली काही आहे हेच कळत नव्हतं. हातानं मांडी ढकलून ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा त्या बाईची पिशवी बॉनेटला लागली होती. तिनं मुलीला छातीशी घेतलं आणि मला छत्तीसगढीत शिव्या दिल्या. तिनं त्या द्यायलाच पाहिजे होत्या.

"काहून रे असा थांबवला?" आजी मागून म्हणाल्या. "माह्या मानीले झटका बसला."

मी गाडी बाजूला घेतली, बंद केली. इतका राग आला होता की आवाज बारीक निघाला. "साहेब, पाय काम करून नाही राहिला. सीट मागं घेतल्याबिगर मी आता गाडी चालवत नाही. कोणीतरी एक जण पुढं बसा."

साहेब खिडकीबाहेर स्टीलच्या डब्यांच्या दुकानाकडे बघत होते. आजी म्हणाल्या, "म्हंजे? त्याच्या बाजूले?" माझ्यासमोर, मी बहिरा असल्यासारखं.

तेव्हा मॅडम म्हणाल्या, "उतरा जरा, मले बाहेर येऊ द्या." साहेबांना उतरावं लागलं. मॅडम उतरल्या, पुढचं दार उघडलं, आजींची पिशवी उचलून मागे त्यांच्या मांडीवर ठेवली आणि माझ्या शेजारी बसल्या. साहेब परत आत बसले, आजी मधे सरकल्या आणि त्यांनी पाय पुढच्या दोन सीटांच्या फटीत लांब केले. मी सीट मागे घेतली. चार वर्षांनी पहिल्यांदा त्या गाडीत माझा पाय सरळ झाला. दुखून डोळ्यात पाणी आलं.

गाडी बाजाराबाहेर आली तशी मॅडमनी काच खाली केली. मग हळूच म्हणाल्या, "इथून रस्ता किती दिसते."

घरी पोचल्यावर साहेबांनी हात पुढे केला आणि मी चावी दिली. "उद्यापासून येऊ नको," म्हणाले, शांतपणे. मॅडम पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि आत गेल्या. त्यांचा राग मला साहेबांपेक्षा जास्त आला, अजूनही येतो, आणि तो बरोबर नाही हेही मला माहीत आहे.

आठवड्यानं साहेबांचा फोन आला. मला वाटलं, परत बोलावतात. "राग नको धरू रे," म्हणाले, "तू आपलाच माणूस. तुह्या वळखीत कोणी आहे काय? मराठीच पाह्यजे. फक्त उंचीनं जरा कमी पाह्य."

फोन भिंतीवर आपटावा असं वाटलं. पण माझा मावसभाऊ उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून निघून सहा महिने घरी बसला होता. लायसन्स आहे, हात चांगला आहे, माझ्या खांद्याला लागतो. मी त्याचं नाव सांगितलं. नंबरही सांगितला.

महिन्याभरानं तो पेढे घेऊन आला. "काय गाडी आहे दादा! सीट तर एकदम मापाची."

"मॅडम कुठं बसतात?"

"मधात. काहून?"

"काही नाही," म्हणालो, आणि डब्यातला पेढा उचलून खाल्ला.