लॅबवाल्या ताईंचं शिफारसपत्र

कॉलेजात त्यांना सगळे लॅबवाल्या ताई म्हणत. खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. बारा वर्षं त्यांनी त्याच संगणकांची धूळ पुसली, अडून बसलेली मशीनं ताळ्यावर आणली आणि पोरापोरींच्या प्रोग्रॅममधल्या चुका, जाता जाता सहज नजर गेल्यासारखं करत, दाखवून दिल्या. "ताई, तुम्ही सरांपेक्षा बरं शिकवता," असं एखादी म्हणाली की त्या दाराकडे बघत म्हणायच्या, "हळू बोल गं बाई, माझी नोकरी खाशील!"

ताईंना स्वतःला पुढं शिकायचं होतं. संगणकशास्त्रच, पण परदेशातल्या मोठ्या विद्यापीठात. पदवीचे गुण मात्र रडके. शेवटच्या वर्षी बाबांना अर्धांगवायू झाला आणि अभ्यास दवाखान्याच्या बाकावर उरकला. पण प्रवेशासाठी एक वेगळी परीक्षा असते, सगळ्यांना सारखीच. तिथं कॉलेज कुठलं, बाप कोण, कुणी विचारत नाही. ताईंचा सगळा जीव त्या परीक्षेत.

अभ्यास बापलेकीनं मिळून केला. अवघड इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या बाबांच्या चांगल्या हातात. ताईंनी भांडी घासता घासता अर्थ सांगायचा. बरोबर असला की बाबांनी खाटेवर एकदा टकटक करायची, चुकला की दोनदा. वाचा गेली होती, खोडी नाही. कधी अर्थ बरोबर असूनही मुद्दाम दोनदा वाजवायचे आणि अर्ध्या तोंडानं हसायचे.

"बाबा, लबाडी करू नका हं!"

गणितात ताईंना एकशे सत्तरपैकी एकशे एकोणसत्तर पडले. तो कागद बाबांनी दिवसभर छातीवरून हलू दिला नाही. आठवड्यानं त्यांना दुसरा झटका आला. "पुढच्या वर्षी जाईन," ताई म्हणाल्या. गुण पाच वर्षं चालणार होते. दर वर्षी त्या हेच म्हणत गेल्या. पाचवं वर्ष लागलं आणि बाबा गेले.

ताईंनी अर्ज उघडला, तर त्यात नवीच ओळ: त्या परीक्षेचे गुण आता विचारात घेतले जात नाहीत, परीक्षा गरिबांवर अन्याय करते. मनात धरलेल्या पाचही विद्यापीठांत तीच कथा. गुणांऐवजी शिफारसपत्र हवं होतं.

कॉलेजात शिफारसपत्रांची रीत ठरलेली. विभागप्रमुख सर तोंडानं सांगत, ताई टाइप करत, सर न वाचता सही ठोकत. पाठवायच्याही ताईच.

"तुमचं? या वयात?" सर हसले. "बरं, घ्या. प्रामाणिक आहेत. वेळेवर येतात. मशीनं स्वच्छ ठेवतात. कधी उलट बोलत नाहीत. झालं?"

"सर, गणिताचं काही..."

"गणिताचं मला काय माहीत, ताई? तुम्ही कधी माझ्या वर्गात होतात?"

यात खोट काढायला जागा नव्हती.

त्याच सकाळी ताईंनी एका विद्यार्थिनीचं पत्र टाइप केलं होतं: कुशाग्र, स्वतंत्र विचारांची, दहा वर्षांत अशी दुसरी पाहिली नाही. तिचा प्रोग्रॅम ताईंनीच तीनदा उभा करून दिला होता. ते शब्द अजून पडद्यावरच होते. उचलायचे आणि इकडं ठेवायचे. सर थोडेच वाचणार होते!

हात माउसवर थांबला. टेबलावर दोनदा टकटक झाली. ताईंनी दचकून पाहिलं. बोट त्यांचंच होतं.

त्यांनी सरांच्या चार ओळी जशाच्या तशा टाइप केल्या, सही घेतली, पाठवून दिल्या. मग गुणपत्रक जोडायला अर्जात जागा शोधली. वरून खाली तीनदा पाहिलं. जागाच नव्हती.

नकार यायला दोन महिने लागले. ताईंना तो त्याच दुपारी कळला होता.

गुणांची मुदत संपली त्या दिवशी त्या बाबांच्या रिकाम्या खाटेवर बसल्या आणि चिठ्ठ्या काढून एकेक अर्थ मोठ्यानं म्हणत गेल्या. सगळे आठवले. बरोबर की चूक, सांगायला मात्र कुणी नव्हतं.