माझा एक शेरा

काल चौकात सावंत हवालदार गाड्या थोपवून एका म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून देत होता. त्याला पाहून मी गाडीतच मान खाली घातली. पोलिसांच्या विशेष पथकासाठी जवान निवडताना मीच त्याला वगळलं होतं. दार फोडण्याच्या सरावात तो लाथ घालण्याआधी थबकला होता. "सर, दाराआड एखादं मूल असलं तर?" सगळे हसले. मी शेरा मारला, 'कचखाऊ'.

पुढे खऱ्या कारवाईत पथकाने क्षणात दार तोडलं. आरोपी सापडला, पण दारामागे लपलेल्या मुलीचा एक डोळा गेला. अहवालात मी 'अपरिहार्य' लिहिलं.

सावंत ओळखून खिडकीशी आला. "जय हिंद सर! आपलं पथक कसं चाललंय?"

"उत्तम," मी म्हणालो, आणि काच वर केली.