निळ्या रेघेच्या बाहेर

त्या रविवारी सकाळी मी नंदुरबारात नेहमीच्या सलूनमध्ये खुर्चीत बसलो होतो. डावा गाल झाला होता, उजव्यावर अजून साबणाचा फेस होता, तेवढ्यात बायकोचा फोन आला. "दिनू गया," एवढंच ती म्हणाली. मी टॉवेलानं तोंड पुसलं आणि घरी येऊन मोटारसायकल काढली. प्रकाशाचा पूल ओलांडून, शहाद्यावरून म्हसावदला पोहोचेपर्यंत माझी बायको सुरेखा मागे पदर तोंडाला लावून बसली होती. एरवी माझ्या शर्टाचं एक बटण उघडं राहिलं तरी भर बाजारात टोकणारी बाई, पण त्या दिवशी तिला नवऱ्याचं तोंडच दिसत नव्हतं. सासुरवाडीच्या अंगणात उतरलो तेव्हा सगळी म्हातारी माणसं माझ्याकडे टक लावून बघायला लागली. घरात मयत झालेली असताना गालाला कुणी वस्तरा लावत नाही, आणि हा जावई अर्धी दाढी करून आलेला! एकानं हळूच विचारलं, "पाव्हना, अर्धी काबर सोडी?" काय सांगणार… हे बघून पोट धरून हसला असता असा एकच माणूस त्या घरात होता, आणि तो चादरीखाली होता.

दिनू सुरेखाचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा. मेहुण्यानं दाजीची टिंगल करायची, हे काम त्यानं आमच्या लग्नापासून मन लावून केलं. मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून शेतावरून घरी परतताना माझा रस्ता चुकला की तो चारचौघांत सांगायचा, "आमना दाजी नकाशावर लय हुशार शेतस." तरुणपणी तो केळीचा ट्रक घेऊन थेट दिल्लीपर्यंत जायचा. एकदा विसरवाडीला टायर बदलताना जॅक सटकला आणि त्याच्या कमरेला मार बसला. वेदना सहन होईना, पण माल पिकून चालला होता, थांबता येत नव्हतं. कुणीतरी दुखण्याचं इंजेक्शन दिलं. त्यानं कमरेची कळ थांबली आणि ट्रक चालू राहिला. मग दुसऱ्या फेरीला पुन्हा दिलं. पुढे देणाऱ्याची गरज उरली नाही, तो स्वतःच टोचून घ्यायला शिकला. ट्रक सुटला, तो घरच्या केळीत आला, सुई मात्र त्याच्याबरोबर घरापर्यंत आली.

आम्हाला कुणालाच हे कळलं नाही, आणि त्याला कारण केळी. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळा डाग कायमचा, अंगावरचाही लवकर निघत नाही. म्हणून बागेत काम करणारा प्रत्येक जण भर वैशाखातसुद्धा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून असतो. दिनूही असायचा. तो जेवतानाही बाह्या वर करत नाही, हे मला दिसत होतं, पण मला वाटायचं, कामाचा माणूस आहे.

आमच्या मुलीच्या, मेघाच्या, हळदीला ते उघडं पडलं. आमच्याकडे मामानं नवरीला मांडवात आणायचं असतं, आणि त्याआधी हळदीत दाजीनं मेहुण्याला पिवळाधमक करायचं असतं. मी दोन्ही हात भरून त्याच्यामागे धावलो. इतक्या वर्षांच्या टिंगलीचा सूड घ्यायचा होता. डावा हात धरला, बाही वर ओढली आणि तो असा किंचाळला की बायकांची गाणी थांबली. माझ्या हाताला जे लागलं ते माणसाच्या दंडासारखं नव्हतं. सुकलेल्या लाकडासारखी कडक कातडी, मध्ये लाल, तुकतुकीत, लिंबाएवढी गाठ आणि तिच्यातून निघणारी धग. तो मला ओढत धान्याच्या खोलीत घेऊन गेला आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, "दाजी, मेघानं लगीन व्हई जाऊ द्या. मंग तुम्हीन सांगशात तठे येसू." दुसऱ्या दिवशी त्यानं उजव्या हातानं मेघाला मांडवात आणलं. फोटोत तो हसतोय. डावा हात पाठीमागे आहे.

लग्नाचा मांडव उतरला आणि मी त्याला नंदुरबारला दवाखान्यात घेऊन गेलो. बाई डॉक्टर होत्या, वयानं आमच्या मेघापेक्षा थोड्या मोठ्या. दिनूला वाटलं होतं, आता बोलणी खावी लागणार. त्या रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, की गाठीवर हळद आणि पपईचा चीक कुणी लावला? गाठीवर असं लावतात म्हणून मीच लावलं, असं तो म्हणाला. गाठ दाबलीही होती. यापुढे दाबायची नाही, फोडायची नाही, काही चोपडायचं नाही, असं त्यांनी बजावलं. पू आत पसरतो आणि रक्तात जातो. मग भूल देऊन त्यांनी चीर मारली. जे बाहेर आलं ते बघून मी खाली बसलो, आणि पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा दिनू एका हातावर पट्टी बांधून घेत होता आणि दुसऱ्या हातानं माझ्या तोंडाला पाण्याची बाटली लावत होता. नर्सला म्हणाला, "पेशंट मी शे, पन पहिले त्यासले दखा."

त्या दिवशी बाईंनी जे शिकवलं ते त्यानं शाळेतल्या पोरासारखं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, सुई एका दिवसात सुटणार नाही. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या मिळतात, त्यासाठी येत राहा. पण तोवर हात-पाय आणि जीव तरी राहिला पाहिजे. टोचायचंच झालं तर आधी साबणानं हात धुवायचे, कातडी स्पिरिटनं पुसायची आणि वाळू द्यायची. सुई दर वेळी नवी, ती जिभेला लावायची नाही, दुसऱ्या कुणाची घ्यायची नाही. त्याच त्याच जागी टोचायचं नाही, जांघेत तर कधीच नाही. औषधाच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. आणि मग त्यांनी खिशातलं निळं पेन काढलं आणि दंडावरच्या लालीच्या कडेनं एक रेघ ओढली. "लाली या रेघेच्या बाहेर गेली, थंडी वाजून ताप आला, किंवा लाल दोरीसारखं वर चढायला लागलं, तर काही बघत बसायचं नाही. त्याच पावली इथं यायचं."

ती रेघ दिनूला फार आवडली. खताच्या खरेदीचं निमित्त काढून तो पट्टी बदलायला आमच्याकडे यायचा, जेवताना बाही वर करायचा आणि अभिमानानं दाखवायचा, "दखा दाजी, हद्दना मधमा शे." एकदा पोटरीवर लाली दिसली, तर स्वतःच रेघ ओढून, ती ओलांडली जायच्या आत दवाखान्यात हजर झाला, आणि नुसत्या गोळ्यांवर ते दबलं. जिभेखालच्या गोळ्या सुरू झाल्या. कितीतरी महिने सुई नाही. सुरेखा त्याला भाकरीवर तूप वाढायची आणि वळून डोळे पुसायची. मग केळीची कापणी आली, घड वाहून कंबर पुन्हा धरली… आणि या वेळी त्यानं मांडीत टोचलं.

त्याच सुमारास त्याच्या मुलीला, पूनमला, स्थळ आलं होतं. चांगलं घर, जवळचंच, आणि मुलाचा काका तालुक्याच्या दवाखान्यात नोकरीला. मांडी सुजलेली, त्यामुळे दिनूला मोटारसायकलवर बसता येईना आणि एसटीत चढता येईना. थोरल्या भावाची, आप्पाची, पिकअप होती, पण आप्पा म्हणाला, की पाव्हणे येऊन जाऊ देत. त्या काकानं तुला दवाखान्यात पाहिलं तर पोरीचं कसं व्हायचं? नंदुरबारला न्यायचं म्हटलं तरी गाव विचारणार, काय झालं म्हणून. दिनूला ते पटलं. पाव्हणे बुधवारी यायचे होते. अमावास्या निघाली म्हणून त्यांनी शनिवारवर ढकललं. सुरेखानं मध्ये फोन केला तर म्हणाला, मी मजेत आहे, पूनमचं बघणं आहे, तू साडी काढून ठेव. शनिवारी संध्याकाळी पाव्हणे आले. दिनू अंगात स्वेटर घालून ओट्यावर बसला आणि त्यांच्याशी केळीच्या भावावर बोलला. पाव्हणे चहा-पोहे घेऊन गेले. सकाळी त्याला कुणाची ओळख पटेना, तेव्हा आप्पानं पिकअपमध्ये घातलं. शहादा यायच्या आत तो गेला.

आंघोळ घालायला मी आणि आप्पा होतो. मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी झालेली. तिच्यावर निळ्या रेघा होत्या. एक रेघ, तिच्या बाहेर दुसरी, तिच्या बाहेर आणखी एक, शेताला बांध घालत गेल्यासारख्या… आप्पा साबण घेऊन त्या घासत बसला. म्हणाला, केळीचा डाग आहे, निघत नाही. मी त्याचा हात धरला. लाली रेघेबाहेर गेली की दवाखान्यात जायचं, हे दिनूला पाठ होतं. त्यानं प्रत्येक वेळी नवी रेघ ओढली होती, पाव्हणे येईपर्यंत पुरावी म्हणून.

गावात सांगितलं गेलं की ताप आला होता. मीही तेच सांगितलं. दाढी अर्धी असलेल्या माणसाला कुणी खोलात जाऊन विचारत नाही. दहावं झालं, आणि एका दुपारी मुलाचा काका सांत्वनाला आला. भला माणूस. म्हणाला, पोरगी आम्हाला पसंत होतीच, वर्ष सरलं की पुढचं बोलू. मग सहज विचारलं, की दिनूभाऊला नक्की झालं काय होतं? आप्पानं घसा साफ केला. मी म्हणालो, "अल्पशा आजारानं…" दारात पदर डोक्यावर घेऊन सुरेखा उभी होती. आप्पा आणि मी दोघंही समोर असताना ती ओट्यावर आली, पाव्हण्यांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "मन्हा भाऊ सुया टोची ले. त्यानी गाठ पिकनी. तुम्हीन येनार व्हतात म्हनीसन आम्ही त्याले दवाखानामा लई गयात नही. आते इचारा, काय इचारनं शे ते."