किटलीची काठी

गावाचा डांबरी रस्ता डोंगराच्या पायथ्याशी संपतो आणि झाडीतल्या पायवाटा सुरू होतात, तिथे पत्र्याची एक शेड आहे. आत एक बाकडं, चहाचं सामान आणि भिंतीला ठोकलेली, भोकं पाडलेली लांब फळी. फळीच्या प्रत्येक भोकात एक काठी. वर जाणाऱ्यानं काठी घ्यायची, उतरल्यावर तिच्याच भोकात परत ठेवायची. पैसे चहाचे, काठी फुकट. यात काठीची काळजी कमी आणि माणसाची जास्त. संध्याकाळी फळीवर नजर टाकली की कळतं, भोक रिकामं असेल तर तिचा माणूस अजून वर आहे.

शेड चालवणाऱ्या बाईला सगळे काठीवाली काकू म्हणतात. तिच्याशी गप्पा मारायला जाल तर भिंतीशी बोलल्याचं समाधान मिळेल. शहरातून आलेली मंडळी चहा पिऊन आपसात म्हणतात, काय तुसडी बाई आहे! त्यांचंही चुकत नाही, आहेच ती तुसडी. पण जन्मापासून नव्हती.

या काठ्या तिच्या नवऱ्यानं केलेल्या. थंडीत फांद्या तोडायच्या, माळ्यावर सावलीत सुकवायच्या, साल काढून मूठ गुळगुळीत घासायची आणि शेवटी तापलेल्या तारेनं मुठीखाली खूण डागायची, आणि तीच फळीवर तिच्या भोकापाशी. साधे आकडे चालले असते. पण या गड्याला चित्रकलेची हौस, आणि चित्रं काढायची तर तिच्या स्वयंपाकघरातली. एका काठीवर चमचा, एकीवर किसणी, एकीवर वाटी. लाटण्याची काठी कुणी उचलली की तो हमखास म्हणायचा, "जपून हं, ही आमच्या घरात फार चालते." गिऱ्हाईक हसायचं, आणि ती आतून भांडं आपटायची.

किटली मात्र फसली होती.

"कोंबडी छान आलीय," ती म्हणाली होती.

"अगं, किटली आहे ती! ही तोटी."

"तोटी कसली, चोच आहे. आणि मागे हे शेपूट."

"ती मूठ आहे मूठ! डोळे तपासून घे."

पुढे जो तो ती काठी कोंबडीची म्हणूनच मागायला लागला. तो प्रत्येकाला किटली समजावून सांगायचा, आणि कुणी ऐकायचं नाही.

त्या संध्याकाळी किटलीचं भोक रिकामं होतं. सकाळी निळी टोपी घातलेला एक माणूस ती घेऊन एकटाच वर गेला होता. तिनंच त्याच्या हातात दिली होती. धुकं खाली उतरायला लागलं होतं. नवरा दिवसभर वाटेवरची पडलेली झाडं तोडून आला होता आणि घमेल्यात गरम पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसला होता.

"अहो, एक राहिलाय," ती म्हणाली.

"खिंडीतून पलीकडे उतरला असेल. तिकडून बस मिळते. काठी नेली असेल घरी. लोक चमचेसुद्धा नेतात."

"आणि नसेल उतरला तर? पाय मोडून पडला असेल तर?"

"सकाळी बघू ना."

"बसा तुम्ही. बसा खुशाल पाण्यात पाय सोडून. कुणाचा जीव गेला तरी तुमचं पाणी गार व्हायला नको."

बाईमाणसाच्या तोंडून दिवसाकाठी अशी दहा वाक्यं जातात, आणि नवरेही ती या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देतात. त्यानं हे एक सोडलं नाही. पाय पुसले, बूट चढवले, टॉर्च घेतला. दारातून परत आला आणि खुंटीवरची शाल काढून कमरेला बांधली. "गारठला असेल बिचारा," म्हणाला. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी तो घळीत सापडला. ओल्या दगडावरून पाय घसरला होता. शाल तशीच कमरेला होती, गाठसुद्धा सुटली नव्हती.

मग निळ्या टोपीवाल्याचा शोध झाला. माणसं रान पालथं घालून रिकाम्या हातानं परतली. कुठल्या ठाण्यात कुणी हरवल्याची तक्रार नाही, कुणाची बायको रडत आली नाही, कुणाचा भाऊ चौकशीला आला नाही. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? एका काठीपायी माणूस घालवला, असं लोक म्हणाले, आणि ते तिच्या कानापर्यंत पोचेल अशा बेतानं म्हणाले. तिचा धाकटा दीर समजूतदार. त्यानं एकदाच, खाली मान घालून सांगितलं, "वहिनी, वर कुणी नव्हतंच." ती वर्षभर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

कारण वर कुणीतरी असायलाच हवं होतं. ती त्यावरच जगत होती. तिचा नवरा एका माणसाला वाचवायला गेला होता; तो माणूस खरोखर अडचणीत होता; तिनं त्याला उगाच उठवलं नव्हतं. हे खरं ठरायचं तर तो निळ्या टोपीवालाही त्याच रानात मेलेला हवा. एका परक्या, निरपराध माणसाचं मरण ती रोज मनात मागत होती. मागताना स्वतःची शिसारी यायची, आणि तरी मागायची.

किटलीचं भोक तिनं रिकामंच ठेवलं. अबोला सुटल्यावर दीर रोज संध्याकाळी शेड बंद करायला यायचा आणि विचारायचा, "वहिनी, सगळे उतरले?"

"एक राहिलाय," ती म्हणायची.

तो वाद घालायचा नाही. दाराला कडी लावायचा आणि बाहेरचा दिवा चालू ठेवायचा. तो दिवा वरच्या खिंडीतूनही दिसतो. वर्षानुवर्षं हेच चाललं. दिराचे केस पांढरे झाले, तिचे तर आधीच झाले होते.

परवा दुपारी टॅक्सीतून एक म्हातारा उतरला. गुडघ्यांनी बेजार, पण चेहरा आनंदी. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. बाकड्यावर बसून त्यानं चहा मागितला आणि मोठ्या ऐटीत कापड सोडलं.

"ओळखलंत का, काकू?"

काठीला पॉलिश केलं होतं. मुठीखाली तोटी, मागे मूठ.

"कोंबडीची काठी!" तो म्हणाला. "मागे एकदा आलो होतो. पलीकडच्या बाजूला उतरलो, समोर बस उभी, धावत जाऊन पकडली. घरी पोचल्यावर बघतो तर काठी हातात! मग म्हटलं, राहू दे आठवण. दिवाणखान्यात टांगली होती इतकी वर्षं. आलागेला विचारायचा, ही कोंबडी कुठली? आता मुलाकडे राहायला चाललोय, सामान आवरताना हातात आली. म्हटलं, ज्याची त्याला देऊन टाकावी. माझं ओझं उतरलं बघा."

या माणसासाठी तिच्याकडे किती शिव्या जमल्या होत्या! जिवंत समोर आला तर काय म्हणायचं, तेही तिनं कधीकाळी ठरवून ठेवलं होतं. आता त्यातलं काही सापडेना. समोर एक म्हातारा बशीत चहा ओतून फुंकर मारत होता. तो मेला नव्हता. पाय मोडून पडला नव्हता, गारठलाही नव्हता. ती नवऱ्याला टोमणे मारत होती तेव्हा हा बसमध्ये खिडकीपाशी बसला होता. नवऱ्यानं घमेल्यातून पाय न काढता सांगितलं होतं, अगदी तसंच.

"किटली आहे ती," ती म्हणाली.

"काय?"

"कोंबडी नाही. किटली आहे."

त्यानं काठी डोळ्यांपाशी धरली. "अरे हो की! ही तोटी! इतकी वर्षं आम्ही सगळे..." तो मनापासून हसला. "इथे तेव्हा एक गृहस्थ होते, फार गमत्ये. तेही हेच सांगत होते. कुठे असतात ते?"

"वर गेलेत," ती म्हणाली. "तुम्हाला शोधायला."

म्हाताऱ्याला वाटलं, नवऱ्यासारखीच बायकोही थट्टेखोर. "अजून शोधतायत?" तो हसत उठला. "सांगा त्यांना, सापडलो म्हणून!" चहाचे पैसे ठेवून, गुडघे सांभाळत तो टॅक्सीत बसला आणि जाताना त्यानं हातही हलवला.

संध्याकाळी दीर आला.

"वहिनी, सगळे उतरले?"

"उतरले."

त्यानं चमकून फळीकडे पाहिलं. किटलीच्या भोकात काठी होती. तो जवळ गेला, मुठीखालच्या खुणेवरून बोट फिरवलं आणि बाकड्यावर बसला. बराच वेळ त्याला तिच्याकडे बघवेना. आपण म्हणत होतो तेच खरं निघालं, याचं त्याला रडू येत होतं. मग उठून त्यानं दाराला कडी लावली आणि सवयीनं दिवा लावायला बटणाकडे हात नेला.

"नको लावू," ती म्हणाली. "आता कुणासाठी?"