वाणाचे ग्लास कोणी निवडले

संक्रांतीच्या वाणाचे ग्लास तुमच्या घरात कोण निवडतं, आणि ते वाटले जातात तेव्हा तिला तुम्ही कुठं बसवता?

आमच्या घरात ते आईनं निवडले. वडिलांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. हुडकेश्वर भागातल्या नव्या फ्लॅटमध्ये वहिनीचं पहिलंच हळदीकुंकू होतं. वाण म्हणून नक्षीदार ग्लासांची जोडी द्यायची आणि मसाला दूधही नव्या ग्लासांतूनच द्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. ती आईला म्हणाली, "आई, तुम्हीच चला इतवारीच्या बाजारात. मले काचेतलं काही समजत नाही."

आईला समजतं. आमच्या जुन्या मोहल्ल्यात कुणाला लग्नाचा आहेर घ्यायचा असला की बाया तिलाच सोबत नेत. ती ग्लास काउंटरवर ठेवून डगमगतो का ते पाहते. कडेवरून बोट फिरवते. नखानं टिचकी मारून कान देते. सोनेरी रेघ असली तर पदराचं टोक ओलं करून घासते. सोनं पदराला लागलं की ग्लास परत.

दुकानदारानं निळ्या वेलीचा एक उंच ग्लास पुढं केला. "काकू, हा एक नंबर. एक्स्पोर्टचा माल."

"एक्स्पोर्टचा असन तं इथं काहून पडून राहिला गा?"

बाजूचं गिऱ्हाईक हसलं, दुकानदारही हसला. मग आईनं तासभर खोकी उघडायला लावली. दुधासाठी जाड बुडाचे घेतले, कारण गरम दुधानं पातळ काच तडकते. वाणासाठी हलके, बारीक पाकळ्यांचे घेतले. प्रत्येक जोडी उजेडात धरून पाहिली. एकात तांदळाएवढा बुडबुडा निघाला. "हे कोणाच्या हातात देशीन? बाई घरी जाऊन पाहते, आपल्यासमोर नाही पाहत," ती वहिनीला म्हणाली. ऑटोत खोकं तिनं मांडीवर घेतलं. खूप दिवसांनी ती इतकं बोलत होती.

हळदीकुंकवाला बोलावणं द्यावं लागतं. बोलावल्याशिवाय बाई येत नाही. आदल्या दिवशी वहिनी आणि मी दोन्ही विंगा फिरलो, प्रत्येक दार वाजवलं, "उद्या चार वाजता या" म्हणालो. तळमजल्यावरच्या, महिन्याभरापूर्वीच राहायला आलेल्या बाईलाही बोलावलं. आपल्याच घरातल्या एका बाईला आपण काहीच म्हटलं नाही, हे तेव्हा माझ्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं ग्लास धुतले, पुसले, ट्रेमध्ये मांडले. दूध आटवलं, वेलची कुटली. चारला पाच मिनिटं असताना ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, हेच तर या रीतीचं यश आहे. हिला पहारेकरी लागत नाही.

मी अक्षरं शिकले ती वडिलांच्या पत्रकांवर. ते कचेरीत कारकून होते आणि सुटीच्या दिवशी पत्रकं वाटायचे. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवातून वगळण्याविरुद्धही त्यांनी एक पत्रक काढलं होतं. त्याच्या घड्या मी घातल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर त्याच वर्षी आमच्या घरी हळदीकुंकू झालं, तेव्हा शेजारच्या विधवा काकूंना बोलावणं गेलं नव्हतं. वडील त्या दिवशी गठ्ठा घेऊन दुसऱ्या मोहल्ल्यात गेले होते. त्यांचा मला राग येतो. आता भांडायला ते नाहीत, म्हणून जास्तच येतो.

बाया आल्या. कुंकू लागलं, तिळगूळ झाला. "अय्या, किती नाजूक ग्लास वं! कुठून आणले?"

"इतवारीतून. आईंनी निवडले," वहिनी म्हणाली.

"कुठं आहेत त्या?"

"आराम करून राहिल्या."

आराम! मी ट्रे घेऊन आत गेले. आई ओट्याशी उभी राहून पुढच्या खेपेचं दूध ओतत होती. मी तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत हॉलमध्ये आणलं. मग मी बोलले. ज्या हातानं ग्लास निवडले तो हात अशुभ आणि तुमचे हात शुभ, हे कोणी ठरवलं, असं विचारलं. वडिलांचं सगळं पत्रक मी त्या बायांच्या अंगावर फेकलं. एकीनं ग्लास टीपॉयवर ठेवला. दुसरी मोबाईल पाहू लागली. वहिनीचा चेहरा लाल झाला. आई घरच्या साडीत, ओल्या हातांनी, सगळ्यांच्या मधोमध उभी होती आणि खाली पाहत होती. माझं संपायच्या आतच ती आत निघून गेली. पंधरा मिनिटांत घर रिकामं झालं.

वहिनी रडतच स्वयंपाकघरात आमच्यापाशी आली. तिनं कपाटाच्या खालच्या खणातून एक खोकं काढलं. "आईंसाठी जोडी बाजूला ठेवलीच होती मी. सगळे गेल्यावर देणार होती. तुमाले काय वाटलं, मी विसरली?"

म्हणजे द्यायची होतीच. फक्त कुणी पाहायला नको होतं. मला ते न देण्याहून वाईट वाटलं आणि मी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा आई माझ्यावर कडाडली.

"चूप बस! तिनं मले लपवलं आन् तू माही वरात काढली. दोघींनीही विचारलं का मले?"

मी म्हणाले, "मग तुला काय पाहिजे होतं?"

"बोलावणं पाहिजे होतं. तळमजल्यावरचीले सांगून आल्या ना? तसं मले सांगाचं. मी चांगली साडी नेसली असती, हॉलमदी बसली असती. आली असती मी." मग वहिनीकडे वळून म्हणाली, "तू म्हटलं असतं तं आली असती."

ती जोडी तिनं घेतली नाही. ती अजून त्या खणातच आहे.

माझा राग गेलेला नाही. जाऊही नये. नवऱ्याच्या श्वासावर बाईचा मान मोजणारी ही रीत घाणेरडी आहे, आणि गोड दुधासोबत ती फार सहज घशाखाली उतरते. पण त्या दिवशी मीही आईचा झेंडा केला. झेंड्याला कोणी विचारत नाही, तसं तिला मीही विचारलं नाही.

पुढची संक्रांत आता जवळ आली आहे. वहिनीनं अजून काही म्हटलेलं नाही. हा लेख मी तिला वाचायला देणार आहे.

आणि तुमच्याकडे एक मागते. यंदा वाण आणण्याआधी, दुसरं कोणतंही दार वाजवण्याआधी, तुमच्याच घरातल्या त्या बाईसमोर जाऊन उभे राहा. आई असेल, सासू असेल, आत्या असेल. तिला दिवस सांगा, वेळ सांगा आणि म्हणा, "या." ती नाही म्हणाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.